चोच कुठल्या बाजूला

साथ आली, विद्यापीठाला कुलूप लागलं आणि पहिल्या वर्षाचा जपानीचा वर्ग सेन्सेईंच्या झोपायच्या खोलीत भरू लागला. सेन्सेई म्हणजे जपानी भाषेत शिक्षक. विद्यार्थी बाईंना तसंच म्हणायचे. नवरा मात्र फक्त चिडवायचं असेल तेव्हाच तसं म्हणे. एरवी त्याचं ‘अगं’वर भागत असे.

खोलीची मांडणी अशी होती. पलंग खिडकीकडे सरकवलेला. कपाटाच्या दाराला टेकवलेला पांढरा फळा. त्याच्यासमोर इस्त्रीचं टेबल, टेबलावर दोन जाड शब्दकोश आणि शब्दकोशांना रबराने बांधलेला फोन. इस्त्रीच्या टेबलाची उंची कमीजास्त करता येते हे सेन्सेईंना तेव्हाच कळलं, कारण घरात इस्त्री डॉक्टर करत.

डॉक्टर म्हणजे सेन्सेईंचे यजमान. दातांचे डॉक्टर. परक्या माणसासमोर तोंड उघडायची सगळ्या गावाला धास्ती बसली, तेव्हा दातांच्या डॉक्टरचं जे व्हायचं तेच झालं. दवाखाना बंद होता. दिवसभर घरात बसून दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणं एवढंच काम उरलं होतं, आणि घरात दुसरं म्हणजे एकच माणूस होतं.

पहिल्या तासाला सेन्सेईंनी फोनचा पुढचा कॅमेरा सुरू केला, फळ्यावर ‘कु’ हे अक्षर काढलं आणि वळून फोनकडे बघितलं. जपानी ‘कु’ सोपा असतो. पक्ष्याची नुसती चोच काढावी तसा, आणि चोचीचं टोक डावीकडे. फळ्यावर ते डावीकडेच होतं. फोनवर उजवीकडे दिसत होतं.

सेन्सेईंनी वाकून फोनकडे पुन्हा बघितलं. मागे कपाटावर टांगलेल्या कॅलेंडरचे आकडेही फोनवर उलटे दिसत होते. म्हणजे शंकेला जागा नव्हती. वर्गातले तीसेक जण हेच उलटं पाहत असणार. कुणी काही बोललं नाही. बोलणार कसे? त्या दिवसापर्यंत त्यांच्यापैकी एकानेही जपानी ‘कु’ पाहिला नव्हता. सेन्सेईंनी नेटवर्कला दोष दिला, आजचं अक्षर विसरा म्हणून सांगितलं आणि तास आवरता घेतला.

“उलटं दिसतं म्हणजे काय?” डॉक्टरांनी दारातूनच विचारलं. ते तिथेच उभे होते.

“आरशात दिसतं तसं. मी डावीकडे काढलं की तिकडे उजवीकडे.”

“एवढंच ना?” डॉक्टरांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला. “अगं, हा माझा प्रांत आहे. वरच्या जबड्यातली मागची दाढ मी कधी सरळ बघितलीय का? आयुष्य गेलं आरशात बघून कोरण्यात. हाताला एकदा वळण लागलं की झालं.”

“म्हणजे मी उलटं लिहायचं?”

“फळ्यावर उलटं, स्क्रीनवर सुलटं.”

“पण मग फळ्यावर चुकीचं दिसेल ना, अहो.”

“फळा कोण बघतंय? सगळे स्क्रीन बघतात.”

या उत्तरात सेन्सेईंना खोट सापडली नाही. खरं तर डॉक्टरांनी दुसऱ्या फोनवरून, स्वयंपाकघरात बसून तो तास एकदा बघितला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. फोन आपलं रूप आपल्याला आरशासारखं दाखवतो आणि समोरच्याला मात्र जसंच्या तसं पाठवतो. पण दोघेही सुशिक्षित होते, दोघांनाही कारण सापडलं होतं आणि उपायही सापडला होता. अशा वेळी तपासून बघायचं कुणाला सुचत नाही.

मग शिकवणी सुरू झाली. डॉक्टरांनी दाढीचा आरसा फळ्यासमोर धरला आणि सेन्सेई आरशात बघून लिहू लागल्या. सुरुवातीला हात भलतीकडेच जायचा. डॉक्टर दवाखान्यातल्या स्वरात म्हणायचे, “घाबरायचं नाही, सैल सोडा.” आठवडा सरता सरता सेन्सेई आरशाशिवाय उलटं लिहू लागल्या. आडव्या रेघा उजवीकडून डावीकडे, वळसे विरुद्ध दिशेने, आणि तरी अक्षर देखणं. हे काही सोपं नव्हतं. वर्गात त्या लिहून वळत, फोनवर अक्षर सुलट दिसे, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांना वाटे की काहीतरी आपल्या ताब्यात आहे. कॅलेंडर त्यांनी काढून ठेवलं. उलटे आकडे बघून मुलांचं लक्ष विचलित होईल म्हणून.

एरवी ताब्यात काही नव्हतं. वर्ग म्हणजे काळ्या चौकोनांची एक भिंत होती. त्या भिंतीमागे माणसं आहेत हे विश्वासावर धरून चालावं लागे. एका मुलाच्या कॅमेऱ्यात कायम छताचा पंखा दिसायचा; त्याचं नाव पंखाच पडलं, आणि हजेरीला तो त्या नावाला ‘हाय’ म्हणू लागला. जपानीत हाय म्हणजे ‘हो’, आणि हजेरीला ‘हजर’. एका मुलीच्या चौकोनावर ‘आईचा फोन’ असं लिहिलेलं असे. आई कामावरून परतली की फोन हिच्या हातात येई, आणि तेव्हाच हिचा वर्ग सुरू होई. विनोद केला तर हसू ऐकू येत नसे, कारण सगळ्यांचे माइक बंद. विचारलं, “कळलं का?” तर शांतता. सेन्सेई त्या शांततेचा अर्थ ‘कळलं’ असा घेत. दुसरा कुठला अर्थ परवडणारा नव्हता.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्यांचा फार भरवसा होता. पहिला महिना पुस्तक उघडायचं नाही. “छापील अक्षर वेगळं असतं, हाताचं वेगळं,” त्या बजावत, आणि ते खरंही आहे; काही जपानी अक्षरं छापल्यावर निराळीच वाटतात. “पुस्तकात बघून लिहाल तर खिळ्यांसारखं अक्षर येईल. माझ्या हाताकडे बघा.” दुसरा नियम असा की फळ्यावर शेजारी मातृभाषेत उच्चार लिहायचा नाही, आवाज कानाने घ्यायचा. आणि तिसरा, महिनाभर वही कुणाला दाखवायची नाही, नुसती गिरवायची. हे तिन्ही नियम त्यांना त्यांच्या बाईंनी घालून दिले होते. एरवी, वर्गात बाकांमधून फिरताना, त्यांत काही वावगं नव्हतं.

महिना संपत आला आणि विभागप्रमुखांचा फोन आला. हे गृहस्थ मूळचे फ्रेंच शिकवणारे. वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज फार मऊ व्हायचा, आणि त्या दिवशी तो लोण्यासारखा होता.

“असं आहे बघा, मॅडम. वर चर्चा चालू आहे की तयार रेकॉर्ड केलेले धडे मिळतात. चांगले असतात. मुलं हवं तेव्हा बघतात. मग थेट वर्ग... म्हणजे गरज आहे का, असा एक मुद्दा.”

“आणि माझा करार?”

“तेच ना. तो सत्रासत्राचा. म्हणून मी म्हटलं, निष्पक्ष माणसाला बघू द्या. बाह्य परीक्षक येतील, मुलांकडून लिहून घेतील. त्या म्हणतील तसं करू.”

“कोण येणार आहेत?”

त्यांनी नाव सांगितलं आणि सेन्सेई पलंगावर बसल्या. ज्यांनी त्यांना जपानी शिकवलं, त्याच बाई. निवृत्त झालेल्या, पण नजर निवृत्त झाली नव्हती. अक्षराच्या टोकाला आकडी नसेल तर त्या अर्धा गुण कापत, आणि आकडी जास्त वळली तर पुरा.

“चांगलं आहे की,” डॉक्टर म्हणाले. “ओळखीच्या आहेत.”

“ओळखीच्या आहेत म्हणूनच वाईट. अहो, त्यांनी नाही म्हटलं की वर्ग बंद. मग मीही घरी, तुम्हीही घरी. एकमेकांचे दात मोजत बसू.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सेन्सेईंनी पद्धतीप्रमाणे पहिल्यांदा वह्यांचे फोटो मागवले. दुपारपर्यंत ढीग आला. पहिला उघडला. ‘कु’ची चोच उजवीकडे. दुसरा उघडला. उजवीकडे. पंख्याचं अक्षर फार सुबक होतं, आडव्या रेघा सुरीने कापल्यासारख्या, आणि एकूणएक अक्षर उलटं.

“फोटो उलटे आलेत,” त्या म्हणाल्या. “पुढच्या कॅमेऱ्याने काढले असणार मुलांनी.”

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलून बघितलं. “मग नाव सरळ कसं?”

वहीच्या कोपऱ्यात पंख्याने आपलं नाव मातृभाषेत लिहिलं होतं. ते सरळ वाचता येत होतं. तारीखही सरळ होती. उलटं होतं ते फक्त जपानी.

सेन्सेईंनी आणखी दोन वह्या उघडून बघितल्या. मग सेन्सेई म्हणाल्या, “अहो, तुमचा फोन घ्या आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्या वर्गात शिरा.”

डॉक्टर गेले. सेन्सेईंनी फळ्यावर महिनाभराच्या सरावाने एक देखणा ‘कु’ काढला.

“दिसला का?”

“दिसला.”

“चोच कुठल्या बाजूला?”

“तू चिडणार नसशील तर सांगतो.”

सेन्सेई चिडल्या. “तुमच्या त्या दाढा! महिनाभर मला आरसा धरून उभे होतात!”

“माझ्या पेशंटनी कधी तक्रार केली नाही,” डॉक्टर दारात येऊन म्हणाले.

“करतील कशी? त्यांच्या तोंडात तुमचा हात असतो!”

डॉक्टरांनी हे मान्य केलं. मग उपाय सुचवायला लागले. तो त्यांचा स्वभाव होता. पहिला उपाय असा की फोटो फोनमध्येच उलटे करून बाईंना पाठवावेत. एक बटण दाबलं की सगळा वर्ग सुलट. सेन्सेईंनी एक फोटो तसा करून बघितला. पंख्याची वही क्षणात इतकी निर्दोष झाली की त्यांचा जीव गलबलला. हीच वही बाईंनी बघितली तर आकडीलासुद्धा नाव ठेवणार नाहीत.

“झालं काम,” डॉक्टर म्हणाले.

“आणि उद्या त्या समोर लिहायला सांगतील तेव्हा? तीस जणांना कुठलं बटण दाबू?”

दुसरा उपाय म्हणजे मुलांच्या ग्रुपवर संदेश. सेन्सेईंनी तो लिहिला: ‘मी शिकवलं त्याच्या बरोबर उलट लिहा.’ वाचला आणि पुसला. महिनाभर गिरवलेला हात एका संदेशाने वळत नाही. अर्धे वाचणार नाहीत, जे वाचतील त्यांतले अर्धे काही अक्षरं उलटी करतील आणि काही तशीच ठेवतील. मग तर ते मागच्या महिन्यापेक्षा वाईट. जादा तास घ्यावा म्हणून त्यांनी वर्गप्रतिनिधीला फोन केला. तो म्हणाला, “सेन्सेई, निम्म्यांचे फोन घरात वाटून असतात. नेहमीच्या वेळेशिवाय जमणार नाही.”

“वीज गेली म्हणून सांग,” डॉक्टरांचा तिसरा उपाय आला.

“वर्ग पुढे ढकलला तर रेकॉर्डिंगवालेच जिंकले ना? त्यांची वीज कधी जात नाही.”

दुसऱ्या दिवशी वेळेवर वर्ग भरला. विभागप्रमुख माइक बंद करून एका चौकोनात बसले होते, मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. परीक्षकबाईंना कॅमेऱ्याची उंची जमली नव्हती. त्यांचं फक्त कपाळ आणि पांढरे केस दिसत होते. पण त्या कपाळालाही सेन्सेईंनी ओळखलं, आणि त्या आपोआप पदवीच्या दिवसांसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

“चल, सुरू कर,” कपाळ म्हणालं. “आधी मुलांना ‘कु’ लिहू दे. ‘कु’मध्ये सगळं कळतं.”

सेन्सेई फोनच्या जवळ आल्या. “बाई, त्याआधी मला वर्गाला एक सांगायचंय.”

“परीक्षेआधी?”

“परीक्षेआधीच सांगायला हवं. मुलांनो, मी महिनाभर तुम्हाला प्रत्येक अक्षर उलटं शिकवलंय. फोनवर मला माझं लिहिणं उलटं दिसायचं. मला वाटलं तुम्हालाही तसंच दिसतं, म्हणून मी मुद्दाम सराव करून उलटं लिहीत होते. तुम्ही माझं तंतोतंत उतरवलंत. चूक तुमची नाही, सबंध माझी आहे.”

शांतता. नेहमीचीच. ही शांतता ‘कळलं’ची की कसली, ते ठरवता येत नव्हतं. विभागप्रमुखांनी चष्मा काढला. कपाळ हललं नाही.

मग कुठलातरी माइक सुरू झाला. आवाज पंख्याचा होता. “सेन्सेई, म्हणजे मी जे चारशे वेळा गिरवलं ते...”

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

आणि कुणीतरी फस्सकन हसलं. त्या हसण्याला दुसरं हसू लागलं, आणि मग माइकमागून माइक सुरू होत गेले. महिनाभर ज्या भिंतीतून ‘हाय’पलीकडे चकार शब्द आला नव्हता तिथून एकाच वेळी तीस घरांचा गलका फुटला. कुठे कुकरची शिट्टी, कुठे भांडी, कुठे कुणाची तरी आजी “काय झालं गं?” असं विचारणारी.

“मी म्हटलं होतं ना तुला!”

“तू कधी म्हटलं होतंस? तू म्हणालीस सेन्सेईंचं हाताचं अक्षर आहे!”

“मी पुस्तकात चोरून बघितलं होतं, सेन्सेई,” आईच्या फोनवरून आवाज आला. “पण तुम्ही म्हणाला होतात ना, छापील वेगळं असतं. मला वाटलं एवढं वेगळं असतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“पुस्तक उघडलं म्हणून रागावाल असं वाटलं.”

नियम सेन्सेईंचाच होता. पण गलका अजून चालू होता, तो ऐकून त्यांच्या अंगात वर्गातली बाई जागी झाली. “गप्प बसा सगळे! वह्या घ्या. आपापल्या खिडकीपाशी जा. पान काचेला लावा, लिहिलेली बाजू बाहेर. आता मागून बघा, काय दिसतं?”

भिंत हलू लागली. काळे चौकोन एकेक करून उजळले, कारण एका हाताने पान आणि एका हाताने पेन धरायचं तर फोन कुठेतरी टेकवावा लागत होता, आणि टेकवताना कॅमेरा लपवायचं भान कुणाला उरलं नाही. खिडक्या दिसल्या. गजांच्या, जाळीच्या, एकीच्या खिडकीला काचच नव्हती म्हणून तिने पान दिव्यासमोर धरलं. पंखा गेला आणि त्या जागी एक उंच, चष्मा लावलेला, कान मोठे असलेला मुलगा आला.

“सुलट दिसतं!” तो म्हणाला. “सेन्सेई, मागून सगळं बरोबर आहे!”

“मग मागून गिरवा. डावीकडून उजवीकडे. घाई करू नका, हात पुन्हा जुन्या वाटेला जाईल.”

पुढचा बराच वेळ खिडक्यांना चिकटलेल्या पाठी आणि कोपरं एवढंच दिसत होतं. सेन्सेई एकेकाला हाक मारत होत्या. “टोक सोडलंस. वर घे. तुझं पान हललं, बहिणीला धरायला सांग.” विभागप्रमुख पुढे वाकून बघत होते. परीक्षकबाईंनी कुणालातरी कॅमेरा खाली करायला सांगितला असावा. कपाळाखाली आता डोळे आले होते.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “आता बसा आणि कोऱ्या पानावर ‘कु’ लिहा. समोर धरा.”

पानं वर आली. बहुतेक चोची डावीकडे होत्या. चारदोन अजून हट्टाने उजवीकडे, आणि एका पानावर दोन पक्षी एकमेकांकडे तोंड करून बसले होते. मालकाने शेवटपर्यंत काही ठरवलं नव्हतं. परीक्षकबाईंनी प्रत्येक पान निरखलं.

“हात चांगला लावलायस,” त्या सेन्सेईंना म्हणाल्या. “वळण आहे, आकडी आहे. दिशेचं बघू. आता तू लिही.”

“मी?”

“तू. फळ्यावर. फोनकडे न बघता.”

सेन्सेई वळल्या. पेन उचललं. पदवीपासून आजवर हजारो वेळा लिहिलेलं अक्षर, एका रेघेचं. हात फळ्याला लागला आणि महिनाभराच्या सरावाने, डॉक्टरांनी सैल सोडायला शिकवलेल्या मनगटाने, अगदी सफाईने उजवीकडे चोच काढून मोकळा झाला.

“सेन्सेई, उलटं!” तीस घरांतून ओरडा झाला.

सेन्सेईंनी पुसलं. दुसऱ्यांदा हात अर्ध्यात घुटमळला. “डावीकडे! डावीकडे!” मुलं ओरडत होती, परस्परांना गप्प करत होती, आणि कान मोठे असलेला मुलगा हवेत बोट फिरवून दाखवत होता. दाराआड डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा ‘कु’ सुलट आला. जरा कापरा होता, पण सुलट. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

विभागप्रमुखांचे ओठ हलू लागले. ऐकू काही येईना.

“सर, माइक,” वर्गप्रतिनिधी म्हणाला.

“हं. मी म्हणत होतो,” विभागप्रमुख मऊ आवाजात म्हणाले, “बाई, हे सगळं बघता... म्हणजे महिना वाया गेला, हे तर खरं. रेकॉर्ड केलेल्या धड्यांत निदान असा घोटाळा...”

“नसतो,” परीक्षकबाई म्हणाल्या. “त्यात कुणी ओरडतही नाही. मी अहवालात लिहिणार आहे की हा वर्ग बंद करू नये.”

“कारण काय लिहिणार?”

“मुलं उद्यापर्यंत सुलटी होतील, ती तरुण आहेत. ही नाही होणार. हिला रोज कुणीतरी ‘उलटं’ म्हणून ओरडायला लागेल, निदान एक सत्र. ते रेकॉर्डिंग करणार आहे का?”

विभागप्रमुख गप्प बसले. या वेळी माइक चालू होता.

“आणि तू,” परीक्षकबाई सेन्सेईंकडे वळल्या, “तो पुस्तक न उघडायचा नियम काढून टाक.”

“बाई, तो तुमचाच होता.”

“माझा होता तेव्हा मी बाकांमधून फिरत होते,” त्या म्हणाल्या. “चला, पुस्तकं उघडा. पुढचं अक्षर घ्या. मी आहे अजून.”

सेन्सेईंनी फळा स्वच्छ पुसला, पेन उचललं आणि लिहिण्याआधी वर्गाकडे बघितलं. तीस तोंडं ओरडायच्या तयारीत होती.